समुद्राला ढवळतं कोण?

'सागरी प्रवाहांची कारणे लिहा' हा भूगोलाच्या पेपरातला हुकमी प्रश्न. उत्तरही पाठ असायचं: तापमानातील फरक, क्षारतेतील फरक, ग्रहीय वारे, पृथ्वीचे परिवलन, किनाऱ्यांची रचना. मुद्दे लिहिले, नकाशात लाल-निळे बाण काढले, की गुण मिळाले. यादीत चुकीचं काहीच नाही. पण तिच्यात सगळी कारणं एका ओळीत, एकाच मानाने बसवलेली असतात, आणि त्यात खरा प्रश्न विचारायचाच राहून जातो. पृथ्वीचं परिवलन पाण्याला वळवतं, ढकलत नाही. किनारा पाणी अडवतो, त्याला गती देत नाही. मग ढकलतं कोण? पाण्याचं पाण्याशी आणि तळाशी सतत घर्षण चालू असतं, गती जिरत असते. ती भरून काढायला अखंड ऊर्जा लागते. ही ऊर्जा येते कुठून, एवढ्या एका प्रश्नाचा माग काढत मी बरीच वर्षं वाचत आलो, आणि ज्या उत्तरापाशी पोचलो त्यातला निम्मा भाग शाळेच्या त्या यादीत नव्हताच.

वरच्या थरापुरतं उत्तर सरळ आहे: वारा. त्याचा सगळ्यात उघड पुरावा हिंदी महासागरात मिळतो. सोमालियाच्या किनाऱ्यालगतचा प्रवाह नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या काळात उत्तरेकडे धावतो, सेकंदाला २ मीटरहूनही जास्त वेगाने. हिवाळ्यात वारे ईशान्येकडून येऊ लागले की तोच प्रवाह उलटतो आणि दक्षिणेकडे वाहू लागतो. निसर्गाने स्वतःच प्रयोग मांडावा आणि दरवर्षी तो पुन्हा करून दाखवावा, तसं हे आहे. या समुद्रात शिडाची जहाजं हाकणाऱ्यांना ते शतकानुशतकं ठाऊक होतं.

पण वारा पाण्याला ढकलतो म्हणजे नेमकं काय करतो, हे कळायला विसावं शतक उजाडावं लागलं. १८९३ ते १८९६ या काळात नॉर्वेचा फ्रिड्यॉफ नान्सेन आपलं 'फ्राम' हे जहाज मुद्दाम आर्क्टिकच्या बर्फात अडकवून घेऊन बर्फाबरोबर वाहत होता. वारा वाहील त्या दिशेने बर्फ सरकायला हवा होता. तो सरकत होता वाऱ्याच्या उजवीकडे, २० ते ४० अंशांनी. नान्सेनने हे टिपून ठेवलं. पुढे हा प्रश्न वाल्फ्रिड एकमन या तरुण स्वीडिश विद्यार्थ्याकडे आला आणि त्याने त्याचं गणित मांडलं. पृथ्वी फिरत असल्यामुळे उत्तर गोलार्धात सरकणारं पाणी उजवीकडे वळतं. वाऱ्याने ओढलेला वरचा थर थोडा वळतो, तो आपल्याखालच्या थराला ओढतो, तो आणखी वळतो, आणि खाली जाता जाता वेग मरत जातो. शंभरेक मीटरपर्यंतच्या या सगळ्या थरांची बेरीज केली, तर पाणी एकूण जातं ते वाऱ्याच्या थेट काटकोनात. वारा पूर्वेकडून पश्चिमेकडे, आणि पाणी उत्तरेकडे. हे वाचल्यावर मी पुस्तक मिटून कितीतरी वेळ हातांनी हवेत दिशा काढत बसलो होतो.

हे उत्तर अटलांटिकला लावून पाहा. विषुववृत्ताच्या बाजूला व्यापारी वारे पश्चिमेकडे वाहतात. त्यांच्या उजवीकडे, म्हणजे उत्तरेकडे, पाणी सरकतं. वरच्या अंगाला पश्चिमी वारे. त्यांच्या उजवीकडे म्हणजे दक्षिणेकडे. दोन्हीकडून पाणी मध्ये लोटलं जातं आणि तिथे पाण्याचा उंचवटा तयार होतो. उंची जेमतेम मीटरभर, पसारा मात्र हजारो किलोमीटरचा. जहाजावरून तो कुणालाही दिसणार नाही. १९९२ साली सोडलेल्या टोपेक्स-पोसायडन उपग्रहाने रडारने समुद्राची उंची मोजली, तेव्हा हे उंचवटे नकाशावर स्वच्छ उमटले. या उंचवट्यावरून पाणी खाली घरंगळू पाहतं आणि घरंगळताना सतत उजवीकडे वळत राहतं. शेवटी उतरायचं राहूनच जातं आणि ते उंचवट्याला प्रदक्षिणा घालू लागतं. शाळेच्या नकाशातले मोठे गोलाकार बाण ते हेच. म्हणजे वारा प्रवाहाला मागून रेटत नाही. तो पाण्याचा ढीग रचतो, आणि प्रवाह त्या ढिगाभोवती फिरतो.

ही प्रदक्षिणा एकसारखी नसते. पूर्वेकडे प्रवाह रुंद आणि सुस्त, पश्चिमेकडे अरुंद आणि वेगवान. गल्फ स्ट्रीम अटलांटिकच्या पश्चिमेला, कुरोशिओ पॅसिफिकच्या पश्चिमेला, अगुल्हास हिंदी महासागराच्या पश्चिमेला. असं का, याचं उत्तर हेन्री स्टॉमेलने १९४८ साली एका छोट्याशा शोधनिबंधात दिलं. या माणसाने डॉक्टरेट कधीच केली नाही, तरी विसाव्या शतकातल्या समुद्रविज्ञानावर त्याच्याइतका ठसा फार थोड्यांचा आहे. त्याने कागदावर एक चौकोनी समुद्र घेतला, त्यावर वारा सोडला आणि तीनदा गणित केलं. पहिल्यांदा पृथ्वी स्थिर धरली. दुसऱ्यांदा फिरती धरली, पण वळवण्याचा जोर सगळीकडे सारखा. दोन्ही वेळा प्रवाहाची वर्तुळं अगदी समतोल आली. तिसऱ्यांदा त्याने एवढंच केलं, की वळवण्याचा जोर खरोखर असतो तसा, विषुववृत्ताकडून ध्रुवाकडे वाढत जाणारा घेतला. सगळ्या रेषा पश्चिमेच्या काठाला येऊन दाटल्या. गल्फ स्ट्रीम अमेरिकेच्या किनाऱ्याला का चिकटून वाहतो, याचं कारण किनाऱ्यात नाही. पृथ्वी गोल आहे आणि फिरते आहे, यात आहे. फ्लोरिडाच्या सामुद्रधुनीतून सेकंदाला सुमारे ३ कोटी घनमीटर पाणी जातं. जगातल्या सगळ्या नद्या मिळून समुद्रात सेकंदाला बारा लाख घनमीटरच्या आसपास पाणी ओततात. आकडे शेजारी ठेवले की नदी हा शब्दच लहान वाटू लागतो.

इथपर्यंत वाऱ्याचं राज्य. पण हा सगळा खेळ वरच्या हजारेक मीटरांतला, आणि समुद्राची सरासरी खोली आहे ३,७०० मीटर. खाली काय चाललंय?

खालचं पाणी थंड आहे, अगदी विषुववृत्ताखालीसुद्धा. १७५१ साली हेन्री एलिस या कप्तानाने उष्ण कटिबंधाच्या वेशीवर, अटलांटिकमध्ये, झडपांची एक बादली दोराने खोल सोडली. आत तापमापी ठेवलेली होती. वर हवा ८४ अंश फॅरनहाइट, आणि ३,९०० फुटांवरून आलेलं पाणी ५३ अंश. त्याहून खोल, मैलभर खाली सोडूनही पारा तिथेच राहिला. एलिसने हे पाणी आंघोळीला आणि मद्य गार करायला वापरलं, असं तो लिहितो. त्याचं जहाज गुलामांच्या व्यापारातलं होतं. समुद्राच्या खोलीबद्दलचं हे पहिलं मोठं निरीक्षण अशा जहाजावर झालं, हे वाचून पुढे जाता येत नाही, मी तरी तिथे थांबतो. पुढे काउंट रम्फर्डने त्यातून निष्कर्ष काढला: वरून ऊन पडत असताना खाली एवढं थंड पाणी टिकायचं, तर ते ध्रुवांकडून सतत येत असलं पाहिजे.

ते तसंच येतं. लॅब्राडोरच्या आणि ग्रीनलंड-नॉर्वेच्या समुद्रात हिवाळ्यात पाणी गारठून जड होतं आणि बुडतं. अंटार्क्टिकाच्या कडेला, वेडेल समुद्रासारख्या ठिकाणी, बर्फ गोठताना मीठ बाहेर टाकलं जातं, आणि ते अतिखारट पाणी उतारावरून घसरत थेट तळ गाठतं. उत्तर पॅसिफिकमध्ये थंडी कमी नाही, पण तिथलं पाणी कमी खारट आहे. त्यामुळे ते कितीही गारठलं तरी खोल बुडण्याइतकं जड होत नाही. क्षारतेतला एवढासा फरक दोन महासागरांचं सगळं वागणं बदलून टाकतो.

मग या बुडणाऱ्या पाण्यामुळेच खोल अभिसरण चालतं, असं म्हणायला काय हरकत आहे? १८७०च्या दशकात विल्यम कार्पेंटर हेच म्हणत होते. जेम्स क्रॉल त्यांच्या विरोधात उभे होते. क्रॉल शाळेत फार न शिकलेले, ग्लासगोच्या एका संग्रहालयात रखवालदारी करता करता तिथल्या ग्रंथालयात वाचून शास्त्रज्ञ झालेले. त्यांनी हिशेब मांडला की थंड-गरम फरकाने समुद्राला येणारा उतार इतका नगण्य आहे की त्यावरून काहीच वाहणार नाही. सगळं वारा करतो. वाद कडाक्याचा झाला. पुढच्या पिढ्यांनी तो वाटून मिटवला: वरचं वाऱ्याचं, खालचं घनतेचं. शाळेची यादी ही त्या तडजोडीचीच सावली आहे.

ही तडजोड मला मनापासून पटेना, म्हणून मी एक जुना प्रयोग घरी करून पाहिला. प्रयोग लुईजी मार्सिली या इटालियन माणसाचा. १६७९च्या सुमारास तो इस्तंबूलला होता. बॉस्फरसच्या सामुद्रधुनीत वरचं पाणी काळ्या समुद्राकडून भूमध्य समुद्राकडे जातं, पण खाली प्रवाह उलटा आहे, असं तिथले मच्छीमार सांगत. मार्सिलीने दोराला पांढरे रंगवलेले बुचाचे तुकडे बांधून तो पाण्यात सोडला. वरचे तुकडे एका बाजूला जात होते, खालचे दुसऱ्या. मग त्याने मध्ये पडदा असलेली पेटी घेतली, एका बाजूला खारं पाणी, दुसऱ्या बाजूला गोडं, आणि पडद्याला वर-खाली एकेक भोक.

मी काचेची छोटी टाकी घेतली, मध्ये पत्रा बसवला, खाऱ्या पाण्यात निळी शाई मिसळली. बुचं काढल्याबरोबर खालच्या भोकातून एक निळी जीभ बाहेर आली आणि तळाला घट्ट चिकटून पलीकडच्या भिंतीकडे सरकू लागली. भिंतीला लागून जराशी वर चढली, परत पडली. त्याच वेळी वरच्या भोकातून नितळ पाणी उलट दिशेने निघालं होतं. निळ्यावरून ते जाताना सीमेवर बारीक सुरकुत्या पडत होत्या. सुंदर होतं ते. आणि थोड्या वेळाने ते थांबलं. खाली निळं, वर नितळ, मध्ये आखल्यासारखी रेघ. दुसऱ्या दिवशी रेघ थोडी पुसट झाली होती, एवढंच. वरून दिवा लावून ठेवला. वरचं पाणी कोमट झालं, रेघ जागची हलली नाही. उलट, वरचं पाणी तापून आणखी हलकं झाल्याने मांडणी जास्तच पक्की झाली. शेवटी काडी घेऊन ढवळलं, तेव्हा निळं पाणी वर उठलं, पुन्हा पडलं, आणि हळूहळू मिसळत गेलं.

मला हवं होतं ते त्या थांबण्यात मिळालं. जड पाणी बुडायला कुणाची मदत लागत नाही. पण एकदा बुडालं, की ते तिथेच पडून राहतं. ते वर यायचं तर कुणीतरी उचलावं लागतं, आणि जड वस्तू उचलायला ऊर्जा खर्च करावी लागते. समुद्रात नुसतं पाणी बुडत राहिलं असतं, तर काही हजार वर्षांत तो तळापासून जवळजवळ वरपर्यंत थंड पाण्याने भरला असता आणि निपचित पडला असता. मार्सिलीने ज्याच्या तोंडाशी दोर सोडला तो काळा समुद्र याचं बोलकं उदाहरण आहे. तिथे नद्यांचं गोडं पाणी वर आणि बॉस्फरसमधून आलेलं खारं पाणी खाली, अशी मांडणी इतकी पक्की आहे आणि ढवळणं इतकं कमी, की दीड-दोनशे मीटरांखाली प्राणवायू पोचतच नाही. तिथे मासा जगत नाही.

स्वीडनच्या योहान सान्डस्ट्रॉमने १९०८ साली हे तत्त्व म्हणून मांडलं. द्रवाला उष्णतेवर जोमाने फिरवायचं, तर तापवणारी जागा खाली आणि थंड करणारी वर हवी. वातावरणाचं तसंच आहे: जमीन खालून तापवते, वर हवा थंड होते, म्हणून वातावरण हे इंजिन आहे. समुद्र तापतोही वरूनच आणि थंडही वरूनच होतो. तळातून पृथ्वीची थोडी उष्णता येते, पण ती फारच अपुरी. नुसत्या उष्णतेवर समुद्र फिरलाच, तर अगदी मलूल फिरेल. सान्डस्ट्रॉमच्या मांडणीच्या काटेकोरपणावर पुढे पुष्कळ चर्चा झाली, तिला दुरुस्त्याही सुचवल्या गेल्या, पण तिचा गाभा टिकला.

मग काडी कोणाच्या हातात आहे?

समुद्रशास्त्रज्ञ वॉल्टर मुंक यांनी १९६६ साली हिशेब केला की बुडणाऱ्या पाण्याच्या बदल्यात पॅसिफिकचं खोल पाणी सरासरी दिवसाला सेंटिमीटरभर वर येत असलं पाहिजे. १९९८ साली, वयाची ऐंशी ओलांडल्यावर, त्यांनी कार्ल वुन्श यांच्याबरोबर तोच प्रश्न पुन्हा हाती घेतला, आता ऊर्जेच्या बाजूने. समुद्राची थरांची मांडणी आहे तशी टिकवायला सतत ढवळण्यावर सुमारे २ टेरावॅट (एक टेरावॅट म्हणजे एक लाख कोटी वॅट) खर्च व्हायला हवेत, असं उत्तर आलं. जगभर सरासरी वापरल्या जाणाऱ्या विजेपेक्षाही हे कमी आहे. आणि एवढ्याशा ढवळण्याच्या जिवावर समुद्र विषुववृत्ताकडून ध्रुवांकडे २,००० टेरावॅट उष्णता वाहून नेतो. हजारपट. मला या विषयातलं हे सगळ्यात थरारक वाक्य वाटतं. उष्णता हा समुद्राच्या पाठीवरचा बोजा आहे, त्याचं इंधन नव्हे.

त्या २ टेरावॅटमधला अर्धा वाटा मुंक आणि वुन्श यांनी वाऱ्याच्या नावावर मांडला. उरलेला अर्धा चंद्राच्या.

भरती-ओहोटी आपण किनाऱ्यावर पाहतो, पण ती किनाऱ्याची गोष्ट नाही. भर समुद्रातही वरपासून तळापर्यंतचं सगळं पाणी तिच्याबरोबर मागे-पुढे सरकतं. तळाशी डोंगररांगा आहेत. पाणी त्यांच्यावर चढतं, तेव्हा खालचा जड थर वर ढकलला जातो, पलीकडे तो कोसळतो, आणि समुद्राच्या पोटात, थरांच्या सीमांवरून, लाटा निघतात. तैवान आणि फिलिपिन्सच्या मधल्या लुझोनच्या सामुद्रधुनीतून निघालेल्या अशा लाटा २०० मीटरांहून उंच होतात. पृष्ठभागावर त्यांची फार तर एखादी खडबडीत पट्टी दिसते. या लाटा फुटतात तिथे पाणी ढवळलं जातं, जडावर हलकं आणि हलक्यावर जड येतं, आणि खालचं पाणी थोडं वर चढतं.

याचा हिशेब आकाशातून जुळतो. १९६९ साली अपोलो ११च्या अंतराळवीरांनी चंद्रावर आरसे ठेवले. त्यांच्यावर लेसर पाडून मोजलं जातं की चंद्र दरवर्षी ३.८ सेंटिमीटरने दूर जातो आहे. त्यावरून भरती-ओहोटीत एकूण किती ऊर्जा जिरते ते कळतं: सूर्याचा वाटा धरून सुमारे ३.७ टेरावॅट. पूर्वी समजूत होती की ती जवळजवळ सगळी उथळ समुद्रांत जिरते. २००० साली गॅरी एग्बर्ट आणि रिचर्ड रे यांनी त्याच टोपेक्स-पोसायडन उपग्रहाची मोजमापं वापरून दाखवलं की पंचवीस ते तीस टक्के हिस्सा खोल समुद्रात, खडबडीत तळांवर खर्च होतो. म्हणजे साधारण १ टेरावॅट. पृथ्वीचं फिरणं त्यापायी अगदी कणाकणाने मंदावतं, शतकाला दिवस सुमारे २ मिलिसेकंदांनी मोठा होतो. खोल समुद्राच्या हालचालीची किंमत अशी पृथ्वीच्या गिरकीतून वळती होते.

वाऱ्याचा वाटा सगळ्यात जास्त दिसतो तो दक्षिण महासागरात. दक्षिण अमेरिका आणि अंटार्क्टिका यांच्यामधल्या ड्रेक सामुद्रधुनीच्या अक्षांशावर पृथ्वीभोवती कुठेच जमीन नाही. पश्चिमी वारे तिथे न अडता वाहतात. हा दक्षिण गोलार्ध, म्हणून त्यांच्यामुळे वरचं पाणी डावीकडे, म्हणजे उत्तरेकडे, सरकतं, आणि त्याची जागा भरायला दोन-दोन हजार मीटर खोलीवरचं पाणी तिरक्या थरांवरून वर येतं. उत्तर अटलांटिकमध्ये बुडालेलं पाणी शतकांनंतर पुन्हा ऊन पाहतं ते बरंचसं इथे. घनतेचं म्हणून ओळखलं जाणारं अभिसरण पूर्ण होतं ते वाऱ्याच्या ओढीने. क्रॉल आणि कार्पेंटर यांना एका खोलीत बसवून हे सांगता आलं असतं, तर मला फार आवडलं असतं.

वाऱ्याचं काय आणि घनतेचं काय, या फरकाबद्दलचा माझा आग्रह केवळ तात्त्विक नाही. 'गल्फ स्ट्रीम बंद पडणार' अशा बातम्या येतात तेव्हा मला अस्वस्थ व्हायला होतं. वारा वाहतो आहे आणि पृथ्वी फिरते आहे तोवर गल्फ स्ट्रीम राहणार, हे वुन्श यांनी २००४ सालीच लिहून ठेवलं आहे. धोका आहे तो अटलांटिकच्या उलथापालथीला, उत्तरेत बुडून खालून दक्षिणेकडे परतणाऱ्या पाण्याला. ग्रीनलंडचा बर्फ वितळून गोडं पाणी वर पसरलं, की बुडणं कमी होतं. हे अभिसरण एका अवस्थेतून दुसऱ्या अवस्थेत झटक्यात जाऊ शकतं, हे स्टॉमेलने १९६१ सालीच दोन डब्यांच्या साध्या गणिताने दाखवलं होतं. २००४पासून २६.५ अंश उत्तर अक्षांशावर उपकरणांची रांग हा प्रवाह मोजते आहे. सेकंदाला सरासरी १.७ कोटी घनमीटरच्या आसपास. हवामानबदलावरच्या आंतरसरकारी समितीच्या २०२१च्या अहवालानुसार तो या शतकात क्षीण होण्याची दाट शक्यता आहे. ही भीती खरी आहे. म्हणूनच ती योग्य प्रवाहाच्या नावाने सांगितली पाहिजे.

आणि तळाची गोष्ट अजून पुरी झालेली नाही. ढवळणं तळाजवळ जास्त आणि वर कमी असेल, तर गणित सांगतं की मध्यावरचं पाणी वर येत नाही, उलट खाली जातं, आणि वर चढणारं सगळं पाणी समुद्रतळाच्या उतारांना लागून पातळ थरातून चढत असलं पाहिजे. ही कल्पना २०१६च्या सुमारास जोर धरू लागली. २०२१ साली शास्त्रज्ञांनी आयर्लंडच्या पश्चिमेकडच्या रॉकॉल खोऱ्यातल्या एका दरीत, अगदी तळाशी, चमकणारा हिरवा रंग सोडला आणि उपकरणं घेऊन त्याच्या मागे राहिले. मुंक यांचा सरासरी हिशेब होता दिवसाला सेंटिमीटरभराचा. रंग त्या उताराला धरून दिवसाला शंभर मीटरांच्या वेगाने वर चढला. अशा दऱ्या खंडांच्या उतारांवर हजारोंनी आहेत, आणि त्यांतल्या बहुतेकींत अजून कुणी रंग सोडलेला नाही.